सायबर सुरक्षेचा जागल्या : खानदेशातील तरुणांसाठी स्वयंअध्ययनाची वाट

साक्री तालुक्यातून धुळ्याकडे वाहत येणाऱ्या पांझरा नदीवर पूर्वजांनी ठिकठिकाणी बुटके बंधारे घातले आणि त्यांचे पाणी पाटांनी व चाऱ्यांनी शेतांवर नेले. ‘फड पद्धत’ या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था सुमारे तीनशे ते चारशे वर्षांची जुनी मानली जाते. तिच्यात पाणी वाटून देणारा पाटकरी असे, त्याच्या कामावर लक्ष ठेवणारा हवालदार असे आणि उभ्या पिकाची राखण करणारा जागल्या असे. पाणी सर्वांचे, म्हणून राखणही सर्वांची, हे या व्यवस्थेचे सूत्र होते. फडाचा प्रत्येक बांध, प्रत्येक चारी आणि रात्री गुरे शिरू शकतील अशी प्रत्येक वाट ठाऊक असल्यावाचून राखण होणे शक्य नव्हते. राखणीची विद्या ही प्रथम त्या शेताची विद्या होती.

आज खानदेशातील गावांची पुंजी आणखी एका पाटाने वाहते. शेतकऱ्याचे अनुदान, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, ग्रामपंचायतीचा जमाखर्च, सातबाराचा उतारा, पतसंस्थेतील ठेव ही सारी संगणकाच्या व मोबाइलच्या जाळ्यातून ये-जा करतात. या नव्या पाटालाही जागल्या हवा आहे. त्या राखणीस सायबर सुरक्षा असे म्हणतात. हा जागल्या मोठ्या शहरातून व मोठ्या महाविद्यालयातूनच यावा लागतो काय, की जळगाव-धुळ्याच्या एखाद्या खेड्यातील सामान्य घरातला मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या अभ्यासाने ते काम शिकू शकते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न एका तरुणाने उपस्थित केला. जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वाचनालयाचा कार्यक्रम आटोपल्यावर तो जवळ आला. बी. ए. झालेला, घरची तीन एकर कोरडवाहू जमीन. ‘साहेब, हॅकिंग शिकवणाऱ्या एका क्लासची फी पंचेचाळीस हजार आहे. नोकरीची हमी देतात. वडील कापसाचे पैसे द्यायला तयार आहेत. भरू का?’ असे त्याने विचारले. ‘नीट विचार करून भर,’ एवढेच मी त्या वेळी म्हणालो. ते उत्तर नव्हते, याची रुखरुख राहिली. पुढे या विषयाचे जे वाचन केले आणि जाणकारांकडून जे समजून घेतले, त्याचे सार येथे देत आहे.

गरज किती आहे?

सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये देशातील नागरिकांचे सुमारे ७ हजार ४६५ कोटी रुपये गेले आणि २०२४ मध्ये हा आकडा सुमारे २२ हजार ८४५ कोटी रुपयांवर पोहोचला, अशी माहिती केंद्र सरकारने संसदेत दिली आहे. एका वर्षात नुकसान तिपटीहून अधिक झाले.

ही चोरी केवळ भोळ्या माणसांचीच होते असे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या हल्ल्यात दोन दिवसांच्या व्यवहारांत ९४ कोटी ४२ लाख रुपये काढून घेण्यात आले. एटीएममधून पैसे देताना बँकेच्या मुख्य यंत्रणेस विचारणा होते व तिच्या होकारानंतर नोटा बाहेर येतात. चोरट्यांनी मध्येच एक खोटी यंत्रणा उभी केली. विचारणा मूळ यंत्रणेपर्यंत पोहोचलीच नाही, आणि २८ देशांतील एटीएमना ही खोटी यंत्रणाच होकार देत राहिली. पाटाच्या तोंडाशी पाटकऱ्याच्या वेषात दुसराच कोणी बसावा, तसा हा प्रकार होता. जून २०२० मध्ये धुळे शहरातील एका सहकारी बँकेच्या, दुसऱ्या बँकेत असलेल्या खात्यातून सुमारे दोन कोटी रुपये परस्पर वळविण्यात आल्याचा गुन्हा नोंदला गेला. धोका खानदेशच्या वेशीबाहेर नाही, हे यावरून दिसून येते.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि पुढे डिसेंबर २०१९ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. बँक लहान असो वा मोठी, तिच्या व्यवहारांच्या स्वरूपानुसार सुरक्षेची कामे तिला करावीच लागतात. सहकाराचे जाळे विणलेल्या आपल्या प्रदेशात हे काम जाणणाऱ्या माणसांची गरज त्यामुळे गावाजवळही निर्माण झाली आहे.

सातवीच्या गणिताचा एक धडा

ही विद्या म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे धावविण्याची जादू होय, असा समज चित्रपटांनी करून दिला आहे. प्रत्यक्षात तिचा आरंभ शाळेच्या फळ्यावर होऊ शकतो. एक उदाहरण घेऊ. शिक्षकबंधूंनी ते वर्गात अवश्य करून पाहावे.

इंग्रजीची २६ लहान अक्षरे वापरून आठ अक्षरी पासवर्ड तयार केला, तर त्याचे प्रकार किती होतील? पहिल्या जागी २६, दुसऱ्या जागी २६, याप्रमाणे २६ ला आठ वेळा मांडून गुणाकार करावयाचा. उत्तर येते सुमारे २० हजार ८८२ कोटी. संख्या प्रचंड वाटते. परंतु चोरट्याचे यंत्र दर सेकंदास १०० कोटी प्रकार तपासू शकते असे धरले, तर सारे प्रकार संपावयास साडेतीन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. आता त्याच पासवर्डात आणखी चारच अक्षरे वाढवा. प्रकार ४ लाख ५६ हजार ९७६ पटींनी वाढतात आणि त्याच यंत्रास तेवढ्याच वेगाने तीन वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. अक्षरे मात्र मनास येतील तशी विखुरलेली हवीत. गावाचे नाव, मुलाचे नाव किंवा जन्मतारीख असेल तर चोरटा सर्व प्रकार तपासत बसत नाही. तो या नेहमीच्या शब्दांपासूनच सुरुवात करतो.

दुसरा धडा भाषेचा आहे. लखोट्यावरील पत्ता आपण नाव, गाव, तालुका, जिल्हा असा लिहितो. टपाल खाते तो उलटा वाचते. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. संकेतस्थळाचा पत्ताही तसाच, पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घेऊन उजवीकडून डावीकडे वाचावयाचा असतो. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ असेल तर ते नाव सरकारी यंत्रणेस दिलेले असते. परंतु ‘आपलेसरकार डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असा पत्ता आला, तर सरकारचे नाव केवळ दर्शनी भागात आहे आणि खरा मालक शेवटचा ‘अमुकतमुक डॉट कॉम’ आहे, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात यावयास हवे. बँकांनी ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत यावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने याच हेतूने दिला होता.

या दोन धड्यांस अभियांत्रिकीची पदवी लागली नाही. गुणाकार आणि बारकाईचे वाचन एवढेच लागले. पुढचा अभ्यास अर्थातच कठीण आहे, पण तो याच स्वभावाचा आहे.

अभ्यासाचा क्रम

स्वतः शिकणारे बहुतेक जण मध्येच थकतात, त्याचे मुख्य कारण क्रम चुकणे हे होय. ते आरंभासच हल्ल्याची साधने हाती घेतात. साधन चालते, पडद्यावर काही उमटते, पण काय घडले ते कळत नाही. ज्याला पाट व चाऱ्या ठाऊक नाहीत, त्याला पाणी कोठे फुटले ते कसे उमगावे? यास्तव पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

पहिली पायरी संगणक कसा चालतो ती. लिनक्स ही १९९१ पासून विकसित होत आलेली कार्यप्रणाली विनामूल्य मिळते. ती जुन्या संगणकावर बसवून फाइली, वापरकर्ते, त्यांचे अधिकार आणि आज्ञा यांची हाताने ओळख करून घ्यावी. ‘बँडिट’ नावाचा एक विनामूल्य सराव या आज्ञा खेळाच्या रूपाने शिकवितो. एक कोडे सुटले की पुढील कोड्याचा पासवर्ड मिळतो.

दुसरी पायरी जाळ्याची. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे निरोप कसा जातो, पत्ता कोण शोधून देते, निरोपाचे तुकडे कसे पडतात, हे समजले पाहिजे. ‘वायरशार्क’ हे विनामूल्य साधन आपल्याच संगणकातून जाणारे-येणारे तुकडे डोळ्यांसमोर मांडते. पाटाच्या काठी बसून पाणी पाहावे, तसा हा अभ्यास आहे.

तिसरी पायरी प्रोग्रॅम लिहिण्याची. पायथॉन ही भाषा नवशिक्यास सोपी जाते. मोठे सॉफ्टवेअर लिहिता यावे असा आग्रह नाही. हजार ओळींच्या नोंदवहीतून हवी ती ओळ शोधून देणारा छोटा प्रोग्रॅम लिहिता आला तरी पुष्कळ.

चौथी पायरी संकेतस्थळांची. ती कशी बांधतात हे शिकल्यावरच ती कशी फुटतात याकडे वळावे. ओडब्ल्यूएएसपी ही जागतिक संस्था संकेतस्थळांतील दहा प्रमुख दोषांची यादी प्रसिद्ध करते आणि मुद्दाम दोष ठेवलेली सरावाची संकेतस्थळेही विनामूल्य देते. ती आपल्याच संगणकात चालवून त्यांवर हवे ते प्रयोग करता येतात. पोर्टस्विगर या कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाची विद्यार्थ्यांसाठीची ‘पिकोसीटीएफ’ ही स्पर्धा यांचे धडेही विनामूल्य आहेत. आपल्या देशात २०१७ पासून सुरू असलेल्या ‘स्वयम्’वर संगणक जाळी, कार्यप्रणाली व सायबर सुरक्षा यांचे अभ्यासक्रम घरबसल्या करता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तर तेवढेच शुल्क पडते.

रोज दोन तास देणाऱ्यास या चार पायऱ्या चढावयास साधारण वर्ष-दीड वर्ष लागेल असे धरून चालावे. तीन महिन्यांत तज्ज्ञ करण्याचे आश्वासन जेथे मिळते, तेथे सावध राहावे.

मराठी माध्यमातील विद्यार्थ्याची खरी अडचण इंग्रजीची असते, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र येथे लागणारे इंग्रजी कादंबरीचे नव्हे. तेच ते काही शे शब्द पुन्हा पुन्हा येतात. विद्यार्थ्याने स्वतःचा शब्दकोश वहीत तयार करावा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आपल्या भाषेत, हवे तर अहिराणीत, त्याचा अर्थ. व्याख्या पाठ करण्याऐवजी ती आपल्या शब्दांत उतरविली की विषय आपला होतो.

सोलापूरच्या विद्यार्थ्याने काय केले?

अशा बारकाईच्या पाहण्यातून काय निष्पन्न होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. सोलापूरचे श्री. मयूर फरतडे हे २०२१ मध्ये संगणक अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. त्यांना इन्स्टाग्राममध्ये एक दोष आढळला. ज्या खात्यांची छायाचित्रे केवळ निवडक मित्रांनाच दिसावयास हवीत, त्यांच्या छायाचित्रांचा तपशील परक्या माणसासही मिळू शकत होता. प्रत्येक छायाचित्रास एक क्रमांक असतो. तो क्रमांक विचारणेत घातला की यंत्रणा तपशील देऊन टाकी. विचारणाऱ्यास तो पाहण्याचा अधिकार आहे की नाही, याची तपासणी होत नव्हती.

दप्तरखान्यात एखाद्या कारकुनाने केवळ नस्तीचा क्रमांक ऐकून कोणालाही खासगी नस्ती काढून द्यावी, अशातला हा दोष होता. तो शोधण्यास महागडे यंत्र लागत नाही. ‘हा क्रमांक बदलला तर काय होईल?’ हा प्रश्न मनात यावा लागतो. अधिकाराच्या तपासणीतील या वर्गाचे दोष ओडब्ल्यूएएसपीच्या २०२१ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते.

श्री. फरतडे यांनी १६ एप्रिल २०२१ रोजी हा दोष फेसबुक कंपनीस कळविला. जूनच्या मध्यापर्यंत तो दुरुस्त झाला आणि कंपनीने त्यांना ३० हजार डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे २२ लाख रुपये, बक्षीस दिले. वृत्तपत्रांनी बक्षिसाच्या रकमेचे मथळे केले. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसमोर मांडावयाची गोष्ट मात्र निराळी आहे. दोष हाती लागल्यावर त्यांनी कोणाची छायाचित्रे विकली नाहीत, की बढाई मारली नाही. आधी कंपनीला कळविले, ती दुरुस्त करीपर्यंत थांबले आणि मगच जगाला सांगितले. अशी बक्षिसे मोजक्यांनाच व कधीतरीच मिळतात. त्यांवर संसार उभा करण्याचे स्वप्न कोणी पाहू नये. पण ही शिस्त प्रत्येकास शिकता येते, आणि नोकरी देणारा तीच पाहतो.

परवानगीची वेस

राखणदार आणि चोर यांना कुलुपाची विद्या सारखीच ठाऊक असते. फरक परवानगीचा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या अनुमतीवाचून संगणकात प्रवेश करणाऱ्यास नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल, तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘मी फक्त पाहत होतो’ हे म्हणणे तरुणास न्यायालयाच्या पायऱ्यांपासून वाचवीलच असे नाही. म्हणून सराव आपल्या यंत्रावर, सरावासाठीच ठेवलेल्या संकेतस्थळावर किंवा ज्या कंपनीने दोष शोधण्याचे जाहीर निमंत्रण दिले आहे तिच्या नियमांच्या आतच करावा. सरकारी संकेतस्थळात सहज दोष दिसला, तर पुढे न जाता तो केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेस कळवावा. २००४ पासून ही संस्था हे काम पाहते.

या क्षेत्राच्या नावाखाली आणखी दोन सापळे तरुणांसमोर मांडले जातात. काही हजार रुपये देऊन बँक खाते ‘भाड्याने’ मागितले जाते. फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलिसांची पहिली धडक खातेदाराच्या घरी येते. दुसरा सापळा परदेशी नोकरीचा. संगणकाच्या कामाचे आमिष दाखवून तरुणांना म्यानमार, कंबोडिया अशा देशांत नेले जाते आणि कोंडून त्यांच्याकडून फसवणुकीची कामे करवून घेतली जातात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमेवरील अशा तळांवरून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना सरकारने विमानाने मायदेशी आणले. घरून निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेला भरती-दलाल कोण, याची खात्री करणे हा या विद्येचाच एक धडा आहे.

राजवाड्यांची वही

धुळे शहरात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. गावोगाव हिंडून, जुनी दप्तरे सोडून, मूळ कागद पाहिल्याखेरीज विधान करावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता. त्यासाठी कोणतीही संस्था त्यांना नेमून पाठवीत नव्हती.

सायबर सुरक्षेतील मोठा भाग असाच दप्तरे वाचण्याचा आहे. प्रत्येक संगणक आपली रोजनिशी ठेवतो. कोण आले, किती वाजता आले, कोणत्या दाराने आले, किती वेळा चुकीचा पासवर्ड टाकला, हे सारे त्यात उमटते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार या नोंदी संस्थांनी १८० दिवस जपावयाच्या असतात आणि ठरावीक प्रकारची घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावयाची असते. रात्री दोन वाजता लेखापालाच्या नावाने कोणी आत शिरले, तर लेखापाल खरोखरच कामावर होता काय, हा प्रश्न इतिहासकाराचा आहे. कला शाखेच्या पदवीधराने स्वतःस येथे परका समजण्याचे कारण नाही.

म्हणूनच स्वयंअध्यायीने पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. आज काय करून पाहिले, काय अपेक्षित होते, काय घडले, कोठे अडले. दीड वर्षाने मुलाखतीस जाताना हीच वही त्याचे सर्वांत खरे प्रमाणपत्र ठरते. विकत घेतलेल्या प्रमाणपत्राखाली दुसऱ्याची सही असते. वहीतील प्रत्येक ओळीबद्दल प्रश्न विचारला, तर उत्तर मात्र त्याचे स्वतःचे असते.

कामाच्या वाटा

शिकून झाल्यावर काय? पहिली नोकरी बहुधा सुरक्षा निरीक्षण केंद्रात मिळते. तेथे मोठ्या संस्थांच्या यंत्रणांवर चोवीस तास पहारा असतो. काम पाळ्यांचे, रात्रपाळीचे आणि आरंभी बेताच्या वेतनाचे असते. पुणे-मुंबईकडे जावे लागण्याचा संभव अधिक. दुसरी वाट लेखापरीक्षणाची. बँका व कार्यालये नियम पाळतात की नाही हे तपासून नेमका अहवाल लिहावयाचा. येथे चांगली भाषा उपयोगी पडते. तिसरी वाट गुन्ह्यांच्या तपासाची. जळगाव व धुळे येथे पोलिसांची सायबर ठाणी आहेत. चौथी वाट लोकशिक्षणाची. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही, ही गोष्ट साक्रीच्या आजीला अहिराणीत आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी बोलीत समजावून सांगू शकणारा माणूस शहरातील कंपनीजवळ नसतो.

पुढे औपचारिक शिक्षण घ्यावयाचे तर वाटा बंद नाहीत. खानदेशात १९९० मध्ये स्थापन झालेले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी-शेती सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी कार्य करीत आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेत जाळी व सुरक्षा यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, मात्र त्याच्या प्रवेशाच्या अटी आधी पाहून घ्याव्यात. स्वयंअध्ययन हे शिक्षणसंस्थेचे वैरी नव्हे. पाया स्वतः घातलेला असला, की फी कशासाठी भरावयाची हे कळते.

पंचायत, शाळा आणि कार्यालये यांचे काम

‘स्वयं’ या शब्दाचा अर्थ ‘एकट्याने’ असा घेतला जातो, तेथे घोटाळा होतो. शिकण्याची मेहनत ज्याची त्यानेच करावयाची, पण बसावयास जागा, चालू स्थितीतील यंत्र, अखंड वीज आणि शंका विचारावयास एखादा माणूस या गोष्टी समाजाने द्यावयाच्या असतात. घरात एकच खोली आणि सर्वांत मिळून एक मोबाइल असलेल्या मुलीला तर हे सर्वाधिक लागू पडते.

पंचायतीने अभ्यासिकेत एक जुना पण आठ जीबी स्मृतीचा संगणक व इंटरनेट जोडणी दिली, तरी चार-पाच विद्यार्थ्यांची पाळीपाळीने सोय होते. शाळेने शनिवारी एक तास वर दिलेल्या धड्यांसारखा एखादा धडा घ्यावा. तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये यांतील अध्यापकांनी महिन्यातून एकदा तालुक्याच्या वाचनालयात शंकासमाधानासाठी बसावे. विद्यार्थ्यास सरावाची संधी हवी असेल, तर सरपंच किंवा मुख्याध्यापक यांनी लेखी पत्र देऊन, जाणकाराच्या देखरेखीखाली, आपल्या कार्यालयातील साध्या सवयी तपासावयास सांगावे. पासवर्ड भिंतीवर चिकटविला आहे काय? संगणकाचे सॉफ्टवेअर अद्ययावत आहे काय? महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, सरपंचांचे व ग्रामपंचायत अधिकाऱ्याचे डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल कोणाच्या खणात असते? ज्याच्या हाती डोंगल व पिन दोन्ही आहेत, त्याच्या हाती गावाची सही आहे. आपल्या सहीचा कोरा धनादेश आपण कोणाच्या खणात ठेवीत नाही. मग हे का ठेवावे?

फसवणूक घडलीच, तर लाजेने गप्प राहू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसा खात्यांतून पुढे सरकण्यापूर्वी जितक्या लवकर खबर पोहोचेल, तितका तो अडविला जाण्याचा संभव अधिक. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिणे हे प्रत्येक गावास आजच करता येण्याजोगे काम आहे.

वाचनालयातील तो तरुण पुन्हा भेटला, तर आता त्याला सांगता येईल : वडिलांचे कापसाचे पैसे क्लासमध्ये भरू नकोस. त्यांतून थोडे काढून एक वापरलेला संगणक घे, उरलेले त्यांच्याजवळच राहू दे. एक वही घे. सहा महिने रोज दोन तास क्रमाने अभ्यास कर. वही घेऊन याच वाचनालयात ये, ती पाहणारा माणूस आम्ही शोधून ठेवू. सहा महिन्यांनंतरही शिकण्याची ओढ टिकली, तर फी कोठे भरावी हे तुझे तुलाच कळेल, आणि ओढ टिकली नाही, तर वडिलांचा कापूस तरी वाया गेलेला नसेल.

या बोलण्यातील ‘आम्ही’ या शब्दाची जबाबदारी प्रस्तुत लेखकावर आहे, तशीच हे पान वाचणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यावर, शिक्षकावर आणि पंचायत सदस्यावर आहे. फडावर जागल्या नेमला जाई, तो गावाने. नव्या पाटाचा जागल्याही गावानेच घडवावयाचा आहे.